दुसऱ्याचा कित्ता गिरवण्याचे प्राथमिक धडे

सर्वात आधी चांगलं खोडरबर विकत घ्या. कुंचला, टाक, शाई हे सगळं नंतर. नवशिके नेमकं उलट करतात. कुंचल्यावर पगार उडवतात आणि रबर मात्र पोराच्या कंपासपेटीतलं उचलतात. पण तुमच्या कामातलं शेवटचं पाऊल रबरानेच टाकायचं आहे, आणि ते फार नाजूक आहे, म्हणून ही तजवीज आधी.

तुम्हाला अमेरिकन कॉमिक्सचा इंकर व्हायचं आहे असं मी धरून चालतो. घरी सांगताना थोडी पंचाईत होईल. एक जण पेन्सिलीने पान काढतो आणि मी त्यावर शाई फिरवतो, असं म्हटलंत की आत्या विचारणार, "म्हणजे गिरवतोस?" या प्रश्नाची सवय करून घ्या. १९९७च्या 'चेसिंग एमी' या सिनेमात एका इंकरला एक चाहता हेच तोंडावर म्हणतो आणि प्रकरण हातघाईवर जातं. तुम्ही आत्यावर हात उचलू नये. तिला पेणच्या गणपतीचं उदाहरण द्यावं. साचा एकच, माती एकच, पण डोळ्यांची आखणी करणारा हात बदलला की एक गणपती तुमच्याकडे बघतो आणि दुसरा नुसताच समोर बसतो. आत्या लगेच गप्प होईल. पटलं म्हणून नाही, गणपतीचं नाव निघालं म्हणून.

हा इंकर मुळात लागला कशाला, हेही एकदा समजून घ्या. कॉमिक्स निघायची स्वस्त, खरबरीत कागदावर. छपाईसाठी पानाचा जो फोटो घ्यायचे त्याला फक्त काळं आणि पांढरं कळे. पेन्सिलीची करडी छटा, अर्धवट दाबलेली रेघ, बोटाने पसरवलेली सावली, यातलं काहीच त्याला दिसत नसे. म्हणजे पेन्सिलवाल्याने जिथे 'साधारण असं' म्हटलंय तिथे 'असंच' म्हणणारा कुणीतरी हवा. सगळी गोम या 'साधारण' आणि 'असंच'च्या मधे आहे, आणि पुढची चाळीसेक वर्षं तुमचा मुक्काम तिथेच राहणार आहे.

साहित्य

कागद आयताच येईल. साठच्या दशकात पान छापील आकाराच्या जवळजवळ दुप्पट मोठ्या ब्रिस्टल कागदावर काढत. १९६७च्या सुमारास ते आक्रसून दहा बाय पंधरा इंचांवर आलं. कुंचला विन्सर अँड न्यूटनचा, सीरीज सेव्हन, नंबर दोन किंवा तीन. त्यात सायबेरियातल्या कोलिन्स्की नावाच्या छोट्या प्राण्याच्या शेपटीचे केस असतात. १८६६ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने जलरंगासाठी हा कुंचला करवून घेतला होता. पुढे न्यूयॉर्कच्या मंडळींनी त्याने राक्षसांच्या भुवया काढल्या. बारीक कामाला टाक, त्याला हंट १०२ जातीची निब. शाई काळी, वॉटरप्रूफ. तिला 'इंडिया इंक' म्हणतात, पण मूळ विद्या चीनची. पाण्याने पुसू नये म्हणून तिच्यात लाख घालतात, ती मात्र आपल्याकडची असण्याचा संभव बराच. तेवढाच अभिमान बाळगा.

पानावर ठिकठिकाणी पेन्सिलीने केलेल्या बारीक फुल्या दिसतील. चित्र नापास झालंय असं समजू नका. 'ही जागा काळी भर' असा तो निरोप आहे. उमेदवारीच्या काळात तुम्हाला फुल्या भरण्याचंच काम मिळेल. निमूट भरा.

कित्ता निवडणे

सरावाला जॅक किर्बी घ्या, दुसरं कुणी नको. जन्म १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीतला. जो सायमनबरोबर कॅप्टन अमेरिका त्याने उभा केला, आणि स्टॅन लीबरोबर फँटास्टिक फोर, हल्क, एक्स-मेन. १९६१ साली सुरू झालेल्या 'फँटास्टिक फोर'चे पहिले १०२ अंक त्याने सलग काढले. दिवसाला तीन-चार पानं हातावेगळी करायचा आणि शाई फिरवायला स्वतः क्वचितच बसायचा. तेच चित्र दुसऱ्यांदा काढण्यात त्याला रस नव्हता, पुढची गोष्ट डोक्यात धडका देत असायची. परिणामी त्याच्या पेन्सिलवरून इतके वेगवेगळे हात फिरले की आपल्याला आयती प्रयोगशाळा मिळाली आहे.

पहिला स्वाध्याय. १९६५ सालचे 'फँटास्टिक फोर'चे अंक ३८, ४३ आणि ४४ एका ओळीत मांडा. सहा-सात महिन्यांचा मामला. चित्रकार एकच, माणसं तीच. ३८व्या अंकावर शाई चिक स्टोनची, ४३व्यावर विन्स कोलेटाची, ४४व्यावर जो सिनॉटची. मेडुसा नावाची लांबसडक केसांची बाई शेवटच्या दोन्ही अंकांत आहे. तिचे केस नीट बघा. ४३मध्ये ते टाकाने एकेक बट ओढून काढल्यासारखे, जरा रुक्ष, तेल न लावता घाईघाईने विंचरलेले. महिनाभराने तेच केस वजनदार होतात, त्यांच्यावर चमक येते, त्यांना वळण येतं. बाईने शाम्पू बदललेला नाही, इंकर बदलला आहे.

स्टोनवर फार वेळ घालवायला नको. जाड, ठाम, गोलसर बाह्यरेषा हा त्याचा सगळा मंत्र. लहान मुलांच्या रंगवायच्या पुस्तकातली असते तशी. किर्बीची माणसं त्याने आनंदी केली, आणि भरीला एक-दोन किलो वजन चढवलं. वाईट नव्हे. तुमचा हात थरथरत असेल तर स्टोनचा मार्ग धरा. जाड रेषेत थरथर लपते.

स्वभाव ठरवणे

इथे नवशिक्याला खरा निर्णय घ्यावा लागतो. हाताचं वळण पुढे सुधारता येतं. पहिल्या दिवशी ठरवायचा तो स्वभाव, कारण तुमच्यासमोर दुसऱ्याचं काम पडलंय आणि तो दुसरा खोलीत नाही.

सिनॉटचा स्वभाव मोठ्या घरात सून म्हणून आलेल्या पण माहेरी उत्तम वळण लागलेल्या बाईचा. तो राहायचा न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीज नावाच्या गावात. पानं पोस्टाने यायची, पोस्टाने जायची. किर्बीचं यंत्र म्हणजे नळ्या, चाकं, तबकड्या आणि ज्यांचा उपयोग ते बांधणाऱ्यालाही सांगता येणार नाही असे भाग. सिनॉट त्या प्रत्येक वर्तुळाला खरंखुरं वर्तुळ करायचा. पत्र्यावर पत्र्याची चमक यायची, काचेवर काचेची. १९६६मध्ये गॅलॅक्टस नावाचा ग्रह गिळणारा अवाढव्य पाहुणा आला तेव्हा तो अंकाच्या कागदात मावत नाही असं वाटलं. त्यातला अर्धा आकार किर्बीचा, अर्धं वजन सिनॉटचं. किर्बी अवकाशातली धगधगती ऊर्जा दाखवायला काळ्या ठिपक्यांचे पुंजके काढायचा. चाहते त्यांना 'किर्बी क्रॅकल' म्हणतात. पेन्सिलीत ते घाईत काढलेले, वेडेवाकडे. सिनॉटच्या शाईत त्यांना शिस्त आली, आणि आज जगभर त्यांची नक्कल होते ती बहुतेक वेळा सिनॉटच्या ठिपक्यांची असते.

मग याला सुधारणा म्हणायचं की ढवळाढवळ? आता गंमत पाहा. १९७०मध्ये किर्बी 'फँटास्टिक फोर' सोडून गेला. पेन्सिलवाले बदलत राहिले. सिनॉट मात्र पुढेही बराच काळ त्या मालिकेवर होता. आणि वाचकाला घर तेच वाटत राहिलं. वाडा विकला गेला तरी उंबऱ्यावरची रांगोळी तीच. वाचक इतकी वर्षं ज्याला किर्बीचं म्हणत होते त्यातलं किती सिनॉटचं होतं, हे तेव्हा उघडं पडलं, आणि बहुतेकांच्या लक्षातही आलं नाही.

कोलेटाचा स्वभाव वेगळा, आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण त्याला शिव्या घालणं हा कॉमिक्सवाल्यांचा आवडता छंद आहे. जन्म सिसिलीतला. प्रेमकथांच्या कॉमिक्समध्ये हात तयार झालेला, त्यामुळे बायकांचे चेहरे सुरेख. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बराच काळ 'थॉर' या मालिकेत किर्बीच्या पेन्सिलवर त्याचीच शाई होती. बारीक, केसासारख्या टाकाच्या रेषा, एकावर एक. थॉरच्या देवलोकाला, अ‍ॅसगार्डला, त्याने जुन्या पोथीतल्या लाकडी ठशांच्या चित्रांसारखी कळा दिली. सिनॉटने ते अ‍ॅसगार्ड काढलं असतं तर ते नव्या मोटारीसारखं चकचकीत झालं असतं. देवांच्या गावाला थोडी जळमटं हवीतच, असं माझं मत. ते खोडून काढायला पुष्कळ जण तयार आहेत.

त्यांचा राग रेषेवर नाही, रबरावर आहे. शुक्रवारी पानं देऊन सोमवारी परत मागायची वेळ आली की संपादक ज्याला गाठायचे तो माणूस कोलेटा. मोबदला पानामागे, अंक वेळेवर छापखान्यात गेलाच पाहिजे. मग किर्बीने गर्दीत बारा माणसं काढली असतील तर कोलेटाकडून सात परत यायची. मागच्या इमारतीच्या खिडक्या गायब. दूरचा योद्धा, ज्याच्या चिलखतावर किर्बीने जीव ओतलेला, तो नुसती काळी आकृती होऊन उभा. आपल्याकडे मांडववाला कबूल केलेल्या दिव्यांतले निम्मेच लावतो आणि लग्नघरी घाईत कुणी मोजत नाही, तसंच काहीसं.

नवशिक्यांनी यातून घ्यायचा धडा असा, की आकृती पुसायचीच असेल तर पेन्सिलवाल्याच्या घरी झेरॉक्स मशीन नाही याची खात्री करून घ्या. किर्बी १९६९मध्ये कॅलिफोर्नियात राहायला गेला, आणि सत्तरच्या दशकात पानं पाठवण्याआधी पेन्सिलीच्या प्रती काढून ठेवायला लागला. त्या प्रती पुढे छापून निघाल्या. पेन्सिल डावीकडे, शाई उजवीकडे. अनुपस्थितांची यादी कुणालाही करता येते. त्याआधीच्या शेकडो पानांवर काय होतं ते मात्र रबरालाच ठाऊक.

आता माइक रॉयर. कोलेटाच्या अगदी उलट टोक. किर्बी डीसी कंपनीत गेला. १९७१मध्ये 'न्यू गॉड्स' सुरू झालं, पहिल्या अंकांवर शाई कोलेटाचीच होती. देवलोकाला शोभलेल्या जळमटांनी इथे घोटाळा केला, कारण इथले देव यंत्रांत राहणारे होते. किर्बीच्या तरुण मदतनीसांनी इंकर बदलायचा आग्रह धरला आणि पाचव्या अंकापासून रॉयर आला. तोही कॅलिफोर्नियातलाच. रॉयरने तत्त्व एकच ठेवलं, जे आहे ते. किर्बीचे चौकोनी बोटांचे हात, गुडघ्यांवरचे चमत्कारिक वळसे, एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर, सगळं तसंच्या तसं. वर अक्षरंही तोच लिहायचा. एकदाच त्याचा संयम सुटला. बिग बार्डा नावाच्या धिप्पाड नायिकेचा चेहरा त्याने जरासा गोड केला. किर्बीने त्याला बजावलं, चेहऱ्यांना हात लावायचा नाही. पुन्हा लावला नाही.

रॉयरच्या शाईत तुम्हाला किर्बी शंभर टक्के मिळतो, असं सगळे म्हणतात. मीही बरेच दिवस म्हणायचो. मग एकदा पेन्सिलीची छापील प्रत आणि रॉयरचं पान शेजारी ठेवून बघितलं. रेष जागच्या जागी आहे. पण पेन्सिलीत ती रेष करडी होती, हळू होत होत विरणारी, आणि शाईत ती एकदम काळी आणि टणक आहे. किर्बीने जिथे आवाज खाली आणला होता तिथेही रॉयर खणखणीत बोलतो. त्यात रॉयरचा दोष नाही. जो जसंच्या तसं नेतो म्हणतो, त्यालाही कुजबुजीचं भाषांतर करावंच लागतं. किर्बीला स्वतःला रॉयर पसंत होता. वाचकांच्या आठवणीत सिनॉट जास्त आहे. यातलं खरं कोण, हे मला विचारू नका. घरात सासू आणि पाहुणे यांची मतं कधी जुळली आहेत?

वॉली वुडचं नाव घेतल्याशिवाय हा धडा पूर्ण होत नाही. तो स्वतःच पहिल्या रांगेतला चित्रकार. १९५८मध्ये वर्तमानपत्रांत 'स्काय मास्टर्स' ही अवकाशवीरांची पट्टी निघाली. पेन्सिल किर्बीची, सुरुवातीला शाई वुडची. वुडने दोन्ही बाजूंनी प्रकाश पाडला, मधे गडद सावली, आणि अवकाशयानाच्या आत सिनेमाचे दिवे लागल्यासारखं झालं. तिथे किर्बीचं बळ आहे आणि वुडचं सौंदर्यही, आणि दोघांचं भांडण होत नाही. हे शिकवता येत नाही. तुम्ही वुड असाल तर हा लेख वाचत बसला नसता.

आणि एक मार्ग, जो निवडायचा नसतो, नेमला जातो. १९७०मध्ये किर्बीने डीसीत 'जिमी ओल्सन' घेतलं. त्या मालिकेत सुपरमॅन येई, आणि किर्बीचा सुपरमॅन कंपनीला आपला वाटेना. म्हणून आधी अ‍ॅल प्लास्टिनो, मग मर्फी अँडरसन यांच्याकडून मुंडकी बदलून घेतली. अंग किर्बीचं, मान कंपनीची. गजमुखाची कथा आपल्याला ठाऊक असल्याने आपल्याला याचं फारसं नवल वाटू नये, पण त्या कथेत निदान शेवटी आई प्रसन्न होते.

प्रत्यक्ष सराव

मी स्वतः एकदा प्रयत्न केला आहे. किर्बीच्या पेन्सिलीची छापील प्रत मिळवली, जेवणाच्या काचेच्या टेबलाखाली दिवा लावला, वर कागद ठेवला आणि द थिंगचा खांदा काढायला घेतला. ते म्हणजे फँटास्टिक फोरमधलं दगडी अंगाचं पात्र. सिनॉटच्या हातात त्याच्या अंगावरचे दगड एकमेकांत घट्ट बसतात. माझ्या हातात तो पहिल्या पावसानंतर उखडलेल्या पेव्हर ब्लॉकसारखा झाला. टेबल गरम झालं, आणि जेवायची वेळही टळून गेली.

चुकलं कुठे ते मात्र कळलं, आणि तेवढं तुम्हाला देतो. मी रेषेच्या मागून चाललो होतो. पेन्सिल जिथे नेते तिथे कुंचला हळूहळू जात होता, आणि हळू गेलेली रेष मेलेली असते. पेन्सिलीने रेष काढली तेव्हा हाताला वेग होता. तो वेग तुम्हाला परत आणावा लागतो. म्हणून रेष कुठे संपणार ते आधी बघा, कागद फिरवून घ्या, एका श्वासात ओढा. प्रकाशाकडची कड बारीक, सावलीकडची जाड. जवळचं जाड, दूरचं बारीक. गच्च काळ्यातून उजेडाकडे येताना रेषा एकेक करून बारीक होत सुटल्या पाहिजेत, कुंचला टेकवून दाबायचा आणि उचलता उचलता पुढे न्यायचा. हे करताना लक्षात येतं की पेन्सिल तुम्हाला कुठे जायचं ते सांगते, कसं जायचं ते सांगत नाही. सिनॉट सरळ हमरस्त्याने गेला, कोलेटा आडवाटेने आणि घाईत, रॉयर पावलावर पाऊल ठेवून. मी टेबलाखालच्या दिव्याच्या उजेडात रस्ताच शोधत बसलो.

श्रेयाची फार आशा ठेवू नका. 'फँटास्टिक फोर' काढणाऱ्या मार्व्हल कंपनीत स्टॅन लीने साठच्या दशकात पहिल्या पानावर इंकरचंही नाव छापायचा प्रघात पाडला, हे त्याचे उपकार. पण आपल्याकडच्या आत्मचरित्रांत 'शब्दांकन' म्हणून जे नाव बारीक टायपात येतं, त्याला जेवढे हार मिळतात तेवढेच इथेही. २००८पासून इंकरांसाठी 'इंकवेल' पुरस्कार दिले जातात आणि त्यातल्या मानाच्या पुरस्काराला सिनॉटचं नाव आहे. हेही उशिराच आलं.

आजकाल चित्र ईमेलवर येतं. इंकर ते फिक्या निळ्या रंगात छापून घेतो आणि त्यावर शाई फिरवतो. मूळ पेन्सिल पेन्सिलवाल्याच्या कपाटात शाबूत राहते. कोलेटाचं या पद्धतीत कठीण झालं असतं. कित्येक जण तर पडद्यावरच इलेक्ट्रॉनिक पेनने शाई फिरवतात, चुकलं की एक बटण दाबून मागे. त्यांना या लेखाचा शेवटचा भाग लागणार नाही.

पुसणे

बाकीच्यांसाठी. पान पूर्ण वाळू द्या. काळ्या भरलेल्या जागेला बोटाची पाठ लावून पाहा. गार लागली तर अजून ओली आहे. मळलेल्या कणकेसारखं मऊ रबर घ्या, आधी हातात मळून ऊब द्या. एकाच दिशेने, न दाबता फिरवा. दाबलंत तर शाईचा काळेपणाही थोडा निघून येतो, मग त्या जागा पुन्हा भराव्या लागतात. कोपऱ्यातल्या फुल्या विसरू नका. समासात पेन्सिलीने काही टिपणं लिहिलेली सापडतील. किर्बी तिथे, नंतर संवाद लिहिणाऱ्या स्टॅन लीसाठी, गोष्ट काय चालली आहे ते लिहायचा. पुसण्याआधी वाचून घ्यायला हरकत नाही.

कागदावर रबराचा करडा चुरा उरेल. तो तळव्याने झाडू नका, घाम लागतो. फुंकर मारू नका, थुंकी उडते. मऊ, कोरड्या कुंचल्याने हलकेच लोटा आणि पान पाकिटात घाला. पोस्ट साडेपाचला बंद होतं.